२३ मुलं आणि एक फोन : वर्गातलं तंत्रज्ञान मुलांच्या बाजूने कसं वापरता?

रानहळद

नमस्कार मंडळी. मी अकोले तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या दोन वर्गांचा मिळून पट २३.

काही वर्षांपूर्वी गावाने लोकवर्गणी काढून शाळेला ४३ इंची टीव्ही घेऊन दिला. यात्रेच्या वर्गणीतून उरलेले पैसे, दोन तरुणांचे पहिले पगार, बचत गटाच्या बायकांचे शंभर-शंभर रुपये, असं सगळं त्यात आहे. म्हणून त्या टीव्हीबद्दल वाईट बोलताना मला जड जातं. पण खरं सांगायचं तर टीव्ही आल्यावर माझा वर्ग गप्प झाला. आधी शिकवताना मुलं मध्येच बोलायची, चुकायची, हसायची. पडद्यावर अपूर्णांकांचं गाणं लागलं की सगळी मांडी घालून, तोंड उघडं ठेवून बघत बसायची. पाहणीला आलेले लोक म्हणायचे, "वा, काय शिस्त आहे!" मलाही ते बरं वाटायचं, हे कबूल करते.

मग एका प्रशिक्षणात एका ताईंनी प्लिकर्स नावाचं ॲप दाखवलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड द्यायचं. त्यावर काळी चौकोनी नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत चार पर्याय असतात. आपल्याला वाटतं ते उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते माझ्या फोनवर दिसतं. मुलांना एकमेकांची उत्तरं कळत नाहीत, कारण नक्ष्याच वेगळ्या आहेत. फोन एकच लागतो, तोही माझाच.

पहिला प्रश्न मी चौथीच्या ११ मुलांना विचारला : एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? गाणं तीनदा बघून झालं होतं. ११ पैकी ८ जणांनी एक चतुर्थांश मोठा सांगितला. चार तीनपेक्षा मोठे, म्हणून.

मी उत्तर सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "ज्याचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं आहे त्याला शोध आणि त्याला पटवून दे." पाच मिनिटं वर्गात बाजार भरला होता. आणि कधीच हात वर न करणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "तिघं भाऊ आस्ले तं वाटणीत वावर जास्त येतं. चौघं आस्ले तं कमीच येनार ना." तिच्या घरात त्याच वर्षी वाटणी झाली होती. पुन्हा कार्डं वर केली, तर ९ बरोबर. उरलेल्या दोघांना मी नाही, त्या मुलीनेच अंगणात रेघा ओढून समजावलं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारते : यातून माझं मुलांपर्यंत जातंय, की मुलांचं माझ्यापर्यंत येतंय? टीव्ही पहिल्या प्रकारचा आहे. पुठ्ठ्याचं कार्ड दुसऱ्या प्रकारचं.

तुम्ही काय वापरता, काय फसलं, काय टिकलं, ते ऐकायचंय. पालकांनीही लिहा.

शेवटचा_बाक

पालक म्हणून लिहितो. मुलगा पुण्यात सहावीत आहे, शाळेचं नाव घेत नाही. शाळेने टॅब सक्तीचा केला, पैसे आमच्याकडूनच घेतले. आता गृहपाठ ॲपवर, चाचणी ॲपवर, सूचनाही ॲपवर. "विद्यार्थीकेंद्री शिक्षण" असं माहितीपत्रकात छापलं होतं. प्रत्यक्षात काय होतं? मुलगा चार पर्यायांतला एक दाबतो, चुकलं तर दुसरा दाबतो, हिरवी खूण येईपर्यंत. मी विचारलं, हे उत्तर का? म्हणाला, "तेच उरलं होतं."

त्यामुळे ताई, तुमच्या कार्डांबद्दलही मला शंका आहे. चार पर्याय तिथेही आहेतच की. पर्याय निवडणं म्हणजे विचार करणं नव्हे.

आणि फोनबद्दल बोलायचं तर असर या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला असं सांगणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारे ७६ टक्के. साधन हातात आलं म्हणून शिक्षण हातात येत नाही.

रानहळद

@शेवटचा_बाक, दादा, तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि तुमच्या मुलाचं वाक्य मी विसरणार नाही.

फरक पर्यायांत नाही, त्यानंतरच्या पाच मिनिटांत आहे. ॲप लगेच हिरवी-लाल खूण दाखवतं, तिथे विचार संपतो. मी खूण दाखवत नाही. मतं फुटली आहेत एवढंच सांगते. कोण चुकलंय हे माहीत नसल्यामुळे प्रत्येकाला आपली बाजू मांडावी लागते. ही पद्धत माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर १९९० च्या दशकापासून हेच करत आलेत : प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत.

पर्याय कसे लिहायचे यावरही बरंच अवलंबून असतं. मी चुकीचे पर्याय मनाने लिहीत नाही, मुलांच्या वह्यांतून उचलते. ३०२ मधून १४८ वजा केले तर मागच्या वर्षीच्या मुलांनी कोणकोणती उत्तरं काढली होती? २४६ हे उत्तर चौघांचं होतं, कारण प्रत्येक घरात त्यांनी मोठ्यातून लहान वजा केलं. मग २४६ हा पर्याय हवाच. तो निवडणारं मूल कुठे अडलंय ते मला लगेच कळतं.

चंद्रकोर_८

सुंदर धागा. मी सांगली जिल्ह्यात माध्यमिकला गणित शिकवतो. आमच्याकडे संगणक कक्षात १० संगणक आहेत, त्यांतले ७ चालतात, आणि आठवीच्या तुकडीत ४६ मुलं आहेत.

मी जिओजेब्रा हे गणित-भूमितीचं सॉफ्टवेअर वापरतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ च्या सुमारास ते सुरू केलं. शाळेला फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. पूर्वी मी ते प्रोजेक्टरवर स्वतःच फिरवून दाखवायचो. मुलं "हो सर" म्हणायची.

आता आठवीचा शिरोलंब आणि मध्यगांचा पाठ आला की मी काहीच दाखवत नाही. मुलांना म्हणतो, त्रिकोण काढा, तिन्ही शिरोलंब काढा, आणि एक शिरोबिंदू धरून हवा तसा ओढा. काय दिसलं ते वहीत लिहा. दहा मिनिटांत कोणीतरी ओरडतंच, "सर, बिंदू बाहेर गेला!" विशालकोन त्रिकोणात लंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू, त्रिकोणाच्या बाहेर जातो, हे पुस्तकात एका ओळीत दिलेलं आहे. पण बिंदू आपल्याच हाताने बाहेर ढकलला की मूल थांबतं. "मग आत असताना आणि बाहेर जाताना मध्ये कुठे असतो?" हा प्रश्न मागच्या वर्षी एका मुलानेच विचारला. दोघांनी हळूहळू ओढत नेऊन शोधलं : काटकोन झाला की तो बरोबर काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो. मी वीस वर्षं हे फळ्यावर सांगत आलो. कोणीही कधी हा प्रश्न विचारला नव्हता.

नंतर मध्यगांचं तेच करायला सांगतो. संपातबिंदू बाहेर जाईल म्हणून मुलं त्रिकोण वेडावाकडा ताणत राहतात, आणि तो जात नाही. का जात नाही, यावर एक तास जातो. तो तास मला अभ्यासक्रमात कुठे बसवायचा हे अजून नीट जमलेलं नाही, पण मी तो सोडत नाही.

साळुंकी

@चंद्रकोर_८ सर, ७ संगणक आणि ४६ मुलं, म्हणजे एका संगणकावर सहा-सात. माऊस कोणाच्या हातात असतो?

मी रत्नागिरीकडे संगणक शिकवते, म्हणून विचारतेय. वर्षभर मी फक्त बघत होते. माऊस कायम त्याच दोन मुलांच्या हातात. मुली मागे उभ्या, मान वर करून. शिक्षणावर संशोधन करणाऱ्या सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपसांत शिकतात हे दाखवलं, ते मला फार आवडतं. आपल्याकडे फलटणलाही त्यांच्या प्रकल्पाची एक प्रयोगशाळा झाली. पण "मुलांना मोकळं सोडा" म्हटलं की दांडगी मुलं पुढे आणि लाजरी मागे, हे मी रोज बघते. मोकळीक सगळ्यांना सारखी मिळत नाही.

मी एक नियम केला. माऊस ज्याच्या हातात, त्याने ठरवायचं नाही. ठरवायचं शेजारच्याने, तोंडाने. "डावीकडे ने, आता धर, आता ओढ." बाकीच्यांनी वहीत नोंदवायचं. पाच मिनिटांनी जागा बदलायची, त्यासाठी टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलंय. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली. पण तोंडाने सांगायचं म्हटलं की नेमके शब्द लागतात. "ते तिकडचं" चालत नाही, "डाव्या बाजूचा शिरोबिंदू" म्हणावं लागतं. भाषेच्या बाईंनी येऊन विचारलं, तुमच्या तासाला मुलं इतकं नेमकं कसं बोलतात?

चंद्रकोर_८

@साळुंकी ताई, प्रश्न जिव्हारी लागला, कारण उत्तर तुम्ही म्हणता तेच आहे. "बिंदू बाहेर गेला" म्हणून ओरडणारा नेहमी मुलगाच असतो, हे आत्ता लिहिताना जाणवलं. वाळूचं घड्याळ उद्याच आणतो.

जुनाफळा

मी निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा. सगळ्यांचं वाचून समाधान वाटलं.

पडदा आणि गप्प वर्ग ही गोष्ट जुनी आहे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी ही शाळांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी संस्था सुरू झाली. शाळेत टीव्ही आला तेव्हा आम्ही हारफुलं वाहिली होती. कार्यक्रम कष्टाने केलेले असत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण कार्यक्रमाच्या वेळेला आमच्या शाळेत वीज असेल तर तो पाठ शिकवून झालेला नसे, आणि पाठ चालू असेल तेव्हा वीज नसे. मुलाला मध्येच थांबवून "म्हणजे काय?" विचारायची सोय नव्हतीच. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली, तेव्हा मला वाईट वाटलं.

दुसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे मॅडम विस्तार अधिकारी होत्या. तिथल्या शाळांतून ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून आपलं ज्ञान उभं करतं या विचाराचं, काम उभं राहिलं. जमिनीवर रंगाने आखलेल्या संख्यारेषा, मणी, काड्या, बाटल्यांची झाकणं, शब्दपट्ट्या. मुलं गटाने खाली बसून स्वतः करतायत आणि शिक्षक त्यांच्यात फिरतोय. राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात जे लिहिलं होतं ते तिथे फरशीवर दिसत होतं. पाहुण्यांतले बरेच जण मात्र फरशीचे फोटो काढून गेले आणि आपल्या शाळेत तशाच फरश्या रंगवल्या. फरशी रंगली, मुलं पुन्हा बाकावरच. टॅबचंही तेच होतंय. वस्तू उचलता येते, तिच्यामागचं वागणं उचलायला वेळ लागतो.

रानहळद ताई, अपूर्णांकांवरून एक आठवलं. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. पाव आणि पाऊण बाजारात रोज भेटतात, म्हणून मुलांना ते जवळचे. एक तृतीयांशाला बाजारात जागाच नाही, तो भेटतो वाटणीत. तुमच्या त्या मुलीने त्याची बरोबर जागा शोधली.

बर्फातली_जास्वंद

स्वीडनमधून लिहितेय. माझी मुलगी इथे तिसरीत आहे. इथे अगदी लहान वयापासून शाळेत टॅब होते. पण २०२३ मध्ये सरकारने छापील पाठ्यपुस्तकांसाठी वेगळा निधी दिला, आणि लहान मुलांच्या वाचन-लेखनात पुस्तक आणि हाताने लिहिणं यांवर पुन्हा भर आला. त्याच वर्षी युनेस्कोचा शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचा अहवाल आला. हे साधन नक्की कोणाच्या अटींवर वर्गात येतंय, हाच त्यातला मूळ प्रश्न होता.

म्हणजे टॅब गेले असं नाही. मुलीच्या वर्गात आठवड्यातून एकदा ते निघतात, गोष्ट वाचून आपल्याच आवाजात नोंदवायला. ती नोंद बाई ऐकतात आणि मुलगीही स्वतः ऐकते. एकदा स्वतःचं वाचन ऐकून म्हणाली, "आई, मी पूर्णविरामाला थांबतच नाही." मी हेच तिला सहा महिने सांगत होते.

सत्तरीकार

गोव्यातून, सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळेतून. आमच्या राज्यात २०२१ पासून कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आहे, ती सहावी ते आठवीसाठी. आमच्याकडून पाचवीत जाणारी मुलं पुढे तिथे पोहोचतात, म्हणून माझं तिकडे लक्ष असतं. मला एकच सांगायचंय : शिक्षकाला किटचं प्रशिक्षण मिळतं, पण मुलाने जोडलेला दिवा पेटला नाही तर शिक्षकाने काय करायचं, याचं मिळत नाही. बहुतेक जण पटकन वायर स्वतः नीट लावून देतात. मीही तेच करायचे. आता हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि विचारते, "वीज कुठपर्यंत पोहोचलीय असं वाटतं तुला?"

डोंगरवाट

मी नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावर आहे. शाळेत रेंज नाही. टेकडीवर गेल्यावर दोन काड्या येतात. ताईंचं वाचून फार करावंसं वाटतंय, पण प्लिकर्सला इंटरनेट लागणार ना? मुलं घरी भिली बोलतात, तेही एक आहेच. काही मार्ग?

रानहळद

@डोंगरवाट सर, लागतं. मी माझ्या फोनचा डेटा वापरते. पण तुमच्यासाठी ॲपची गरजच नाही असं मला वाटतं. एका जाड पुठ्ठ्याच्या चार बाजूंना चार रंग लावा. मुलांनी डोळे मिटून, छातीशी धरून, आपला रंग वर करायचा. तुम्ही नजर फिरवा आणि वहीत चार खुणा करा. २३ मुलांपर्यंत हे अर्ध्या मिनिटात होतं. फोनचा फायदा एवढाच की प्रत्येकाची नोंद महिनाभर राहते.

भिलीबद्दल : चर्चा त्यांच्या भाषेतच होऊ द्या. पटवून द्यायचं तर घरच्याच भाषेत पटवता येतं. शेवटी एकाला मराठीत सांगायला लावा. आमच्याकडे ठाकर आणि महादेव कोळी मुलं आहेत. वर्गात प्रमाण मराठीत गप्प बसणारं मूल आपल्या बोलीत धबधब्यासारखं बोलतं.

चंद्रकोर_८

@डोंगरवाट, विज्ञानासाठी फेट बघा, संगणकावर करायचे प्रयोग आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत. तालुक्याला आलात की लॅपटॉपवर उतरवून घ्या, नंतर इंटरनेट लागत नाही. विजेचं मंडल जोडायचा प्रयोग पाचवीपासूनची मुलं तासन्‌तास करतात.

पण आधी एक खरी बॅटरी, वायर आणि बल्ब हातात द्या. पडद्यावर वायर सैल राहत नाही, आणि सैल वायरच मुलाला जास्त शिकवते.

कळफलक

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, शिक्षक नाही. एक सांगतो, रागावू नका.

अशा कोणत्याही ॲपवर मुलांची खरी नावं, आधार क्रमांक, जन्मतारखा भरू नका. प्लिकर्सवर हजेरीपटाचा क्रमांक पुरतो : १, २, ३. कोणत्या क्रमांकाचं मूल कोण हे तुमच्या वहीत राहू दे. आणि "उपक्रमाचे फोटो आजच टाका" असे संदेश शिक्षकांच्या गटांवर येतात, ते मला माझ्या बहिणीमुळे माहीत आहे, ती शिक्षिका आहे. फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नका, हात आणि कामच दिसू द्या. तिसरीतलं मूल "माझा फोटो नको" म्हणू शकत नाही, ते त्याच्या वतीने आपल्यालाच म्हणावं लागतं.

साळुंकी

+१. आणि फोटोसाठी मुलांना पुन्हा तीच कृती करायला लावणं तर बंदच व्हायला हवं. एकदा मी हे केलं. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं, "बाई, आता खरं करायचं की फोटोचं?"

शेवटचा_बाक

आठवडाभर हा धागा वाचतोय. काल मुलाबरोबर बसलो. त्याच्या ॲपवरचा एक प्रश्न घेतला आणि ॲप बंद केलं. म्हटलं, मला तुझं उत्तर पटत नाही, पटव. वीस मिनिटं भांडलो. तो बरोबर होता. शाळेच्या पालकसभेत मी एक मागणी मांडणार आहे : चाचणीत हिरवी-लाल खूण लगेच न दाखवता, दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा झाल्यावर दाखवावी. ॲपमध्ये तशी सोय आहे का ते @कळफलक सांगतील का?

कळफलक

बहुतेक ॲपमध्ये शिक्षकाच्या बाजूने असते. "निकाल केव्हा दाखवायचा" असा पर्याय शोधायला सांगा. गुगल फॉर्मवर चाचणी असेल तर गुण नंतर जाहीर करता येतात.

रानहळद

शेवटचा_बाक दादा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं.

अजून एक राहिलं होतं, लिहून टाकते. आमच्या टीव्हीचं काय झालं? तो मी बंद केलेला नाही, गावाचा आहे. यंदा परिसर अभ्यासात बियाण्यांचा विषय निघाला. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं, त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, हे मुलांना ठाऊक होतं. मी म्हटलं, आपल्या घरात कोणतं बियाणं आहे ते विचाराल का? माझा जुना फोन आळीपाळीने एकेका मुलाला दिला, फक्त आवाज नोंदवायला. तीन आठवड्यांत १४ आज्यांच्या नोंदी झाल्या. काळभात, आंबेमोहोर, वालाचे कितीतरी प्रकार, कोणतं राखेत ठेवायचं, कोणतं मडक्यात. प्रश्न मुलांनीच ठरवले होते. माझ्या यादीत "बी कुणी दिलं?" हा प्रश्नच नव्हता, तो एका तिसरीतल्या मुलाने घातला. आणि बहुतेक आज्यांचं उत्तर होतं : माहेराहून आणलं.

शेवटी टीव्हीला तो फोन जोडला आणि आज्यांना शाळेत बोलावून त्यांचेच आवाज ऐकवले. त्या दिवशी वर्ग गप्प नव्हता. आज्या एकमेकींच्या चुका काढत होत्या.

डोंगरवाट

परवा करून बघितलं. पुठ्ठे रंगवायला एक दिवस गेला, मुलांनीच रंगवले. प्रश्न : ओलं कापड सावलीत वाळतं का? १९ पैकी १२ जणांचं "नाही, ऊन लागतंच". मग जोरात भांडण, सगळं भिलीत, मला निम्मंच कळलं. कोणाचंच पटेना, म्हणून एका मुलीने आपला रुमाल भिजवून वर्गात खिळ्याला टांगला आणि दुसरा बाहेर उन्हात. आता दर तासाला दोघं जण हात लावून बघून येतायत आणि फळ्यावर लिहितायत. उरलेला अभ्यास आज झाला नाही.

एक विचारायचं होतं. दोन मुलं डोळे किलकिले करून शेजारच्याचा रंग बघतात. काय करावं?

रानहळद

बघू द्या सर. दुसऱ्या फेरीत त्यांनाच आधी विचारा, "हा रंग का?" माझ्या वर्गात ती सवय महिनाभरात गेली. रुमाल वाळले की इथे नक्की लिहा, सोमवारी माझ्या तिसरीला मीही हाच प्रश्न घालते.